काही झालं नाही ना!

मे महिन्यात एका लग्नासाठी मामा-मामी आणि त्यांच्या सात वर्षांच्या नातीला घेऊन मी नागपूरला गेलो होतो. सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलो, ते थेट नागपुरात उतरलो. दोन दिवसांनी तसेच परत. सिडकोत मामांच्या घरासमोर गाडी थांबवली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. पोरगी मामीच्या मांडीवर झोपलेली. उतरताना मामी म्हणाल्या, "तुझ्या गाडीत बसलं की जिवाला घोर नसतो बघ."

चार दिवसांनी डाव्या बाजूच्या पुढच्या चाकातली हवा कमी वाटली म्हणून मुकुंदवाडीत माझ्या नेहमीच्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी चाक काढून जमिनीवर आडवं ठेवलं आणि मला हाक मारली. "दादा, इथं हात फिरवा. हळू, लागेल."

बाहेरून टायर बरा दिसत होता. आतल्या कडेचं रबर मात्र संपलं होतं आणि बोटाला बारीक तारा टोचत होत्या.

"यावर कुठं जाऊन आलात?"

"नागपूरला."

उस्ताद काही बोलले नाहीत. स्टेपनी काढायला डिकीकडे गेले.

खरं तर त्यांनी मला दिवाळीतच सांगितलं होतं, गाडी डावीकडे ओढतेय, अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूनं खाल्ला जाईल. मी "करू" म्हणालो होतो. मी ते विसरलो असतो तर आज हा लेख लिहीत नसतो. मी विसरलो नव्हतो. गाडी सरळ ठेवायला स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागायचं आणि दर वेळी उस्तादांचं वाक्य आठवायचं. काम काही शे रुपयांचं, वेळ अर्ध्या तासाचा. त्याच सहा महिन्यांत मी नवीन सीट कव्हर घातली आणि नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात जवळजवळ दर रविवारी गाडी धुतली. दिसणाऱ्या गाडीची काळजी घेतली. न दिसणारी तशीच राहिली.

आपलं शहरही थोडं तसंच आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये इथल्या लोकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर बातमी झाली. गाडी घेणं ही बातमी असते, पेढे असतात, हार असतो. अलाइनमेंटचे पेढे कुणी वाटत नाही.

पण मला सतावणारा प्रश्न वेगळा आहे. चौघंही सुखरूप परत आलो. मग माझं नक्की काय चुकलं?

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७७ साली एका निबंधात हाच प्रश्न जहाजाबद्दल विचारला होता. एका मालकाचं जहाज जुनं झालंय. त्याला शंका येते, की डागडुजी करायला हवी. पण खर्च आहे. मग तो स्वतःला समजावतो: इतक्या सफरी करून आलंय, हीही करेल. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. माणसं भरून तो जहाज पाठवतो, ते बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो. इथवर सगळ्यांना राग येतो. मग क्लिफर्ड गोष्ट फिरवतो. समजा, जहाज बुडालंच नाही, तर मालक कमी दोषी ठरतो का? त्याच्या मते अजिबात नाही. फरक इतकाच, की त्याचा दोष उघडकीला आला नाही.

शंभर वर्षांनी, १९७६ साली, थॉमस नेगेल या अमेरिकी तत्त्वज्ञानं दुसरी बाजू दाखवली. त्याच्या उदाहरणात एक ट्रकवाला आहे. त्यानं बऱ्याच दिवसांत ब्रेक तपासलेले नाहीत. रस्त्यात मूल आडवं आलं आणि ब्रेक वेळेत लागला नाही, तर तो जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. मूल आलंच नाही, तर तोच निष्काळजीपणा किरकोळ ठरतो. मूल येणं-न येणं त्याच्या हातात नव्हतं, तरी आपण न्याय मात्र परिणाम बघून करतो. याला नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी 'नैतिक नशीब' म्हटलं.

नेगेल आपलं बरोबर वर्णन करतो, पण हिशेब क्लिफर्डचाच खरा, असं मला वाटतं. कारण नागपूरहून सुखरूप येण्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. मामींनी ज्यासाठी माझं कौतुक केलं, ते काम टायरमधल्या उरल्यासुरल्या तारांनी केलं होतं.

आपली भाषाही आपल्याला सोडवते. 'टायर फुटला.' 'ब्रेक फेल झाले.' या वाक्यांत करणारा कुणीच नाही, जणू वीज पडली. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हाही चालकानं आधी टायर फुटल्याचं सांगितलं होतं. आरटीओच्या पाहणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. त्या वर्षी समृद्धीवर टायर तपासायला सुरुवात झाली. गोटा झालेल्या टायरची गाडी परत पाठवायची, असा नियम. पण तपासणारा बाहेरून किती बघणार? माझा टायर बाहेरून पास झाला असता.

कायदाही फार मदतीला येत नाही. प्रवासी टॅक्सीला ठरावीक काळानं फिटनेस तपासणी आहे. आपल्या खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली, की १५ वर्षं ब्रेक आणि टायर बघायला सरकारकडून कुणी येत नाही. पीयूसी धुराबद्दल बोलतं, चाकांबद्दल नाही. म्हणजे १५ वर्षं तपासनीस आपणच, आणि आरोपीही आपणच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. टायर स्वस्त नाहीत. हप्ते फेडत गाडी चालवणाऱ्याला 'तू अनैतिक आहेस' म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. पैसे नसणं आणि पैसे असून टाळणं, यांत मी फरक करतो. पण पैसे नसले तरी एक गोष्ट उरतेच: माहीत असलेली गोष्ट मागच्या सीटवरच्या माणसापासून लपवायची नाही, आणि तशा गाडीनं १२०च्या रस्त्यावर जायचं नाही. मला तर पैशाचीही सबब नव्हती.

आता मी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, गाडी बघतो. हवा टायर थंड असतानाच मोजायची, कारण चालून तापलेला टायर जास्त हवा दाखवतो. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड मोबाइलच्या टॉर्चनं बघायची. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत रबर झिजलं, की टायर संपला. टायरवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर न वापरताही म्हातारं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कन्नडच्या घाटासारख्या लांब उतारावर तापून दगा देऊ शकतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. कूलंटमध्ये बोअरचं पाणी ओतायचं नाही, क्षार साचतात. पाऊस सुरू व्हायच्या आधी वायपर बघायचे. स्टेपनीतली हवाही बघायची. एवढ्याला वीस मिनिटं लागतात. गाडी धुवायला त्याहून जास्त लागायची.

राहता राहिला कौतुकाचा प्रश्न. ते मी ठेवून घेऊ शकत नव्हतो. पंधरा दिवसांनी मामांकडे गेलो आणि सांगून टाकलं.

मामा हसले. "अरे, काही झालं नाही ना! मग कशाला डोक्याला ताप?"

मामी थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, "तुला आधीच माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

त्या चहा ठेवायला आत गेल्या.

पुढच्या महिन्यात आम्ही पैठणला निघालो, तेव्हा दार उघडण्याआधी मामी गाडीजवळ थांबल्या. "टायर बघितलास?"

याआधी त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. ऐकताना थोडं टोचलं. मग मी स्टिअरिंग वळवलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि म्हणालो, "या, तुम्हीच बघा." मामी खरंच वाकून बघू लागल्या.