मोतीचा फेटा

दिवाळीत घरोघरी माणसांचे फोटो निघतात, तसे अलीकडे कुत्र्यांचेही निघू लागले आहेत. ही हौस आमच्या भोरपर्यंत येऊन पोहोचली आहे. गळ्यात झेंडूची माळ, डोक्याला इवलासा फेटा, पुढे पणत्या आणि भोवती रांगोळी, अशा थाटात बसवलेला कुत्रा पाहिला की कोणी हसतो, कोणी ‘किती गोड’ म्हणतो, आणि एखादा वृद्ध ‘मुक्या जनावराची ही काय विटंबना!’ म्हणून मान फिरवतो. आपण यांपैकी कोणाच्या पंक्तीला बसावे, हा प्रश्न मला वाटला होता तितका सोपा निघाला नाही.

प्रथम तो ‘विटंबना’ शब्दच घ्या. ज्याला मानापमान ठाऊक नाही, त्याची विटंबना होऊ शकते काय? आमच्या भोरचे पंत सचिव ज्यांच्या अष्टप्रधानांत होते, त्या शाहूमहाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला भर दरबारात जरीची वस्त्रे व जवाहीर घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे. वाघाच्या शिकारीत जीव वाचवला म्हणून त्याला जहागीर आणि पालखीही मिळाली. या खंड्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला दाखवतात. आता त्या पगडीने कोणाचा पाणउतारा झालाच असेल, तर तो समोर नटूनथटून उभ्या राहिलेल्या मानकऱ्यांचा. खंड्याला ना पगडीचा मान कळला, ना त्यातली थट्टा. प्रतिष्ठा हे माणसांचे नाणे आहे. कुत्र्यांच्या बाजारात ते चालत नाही.

मग प्रश्न मिटला म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. कुत्र्याला अपमान कळत नसला, तरी भय चांगले कळते. आमचा मोती वेल्ह्याकडचा, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवरून आणलेला. रानातल्या कोणत्याही चाहुलीवर धावून जाणारे हे जनावर फटाक्यांच्या दिवसांत पलंगाखाली तोंड खुपसून बसते. माणसाला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याचा कान त्याच्या दुपटीच्याही पलीकडे जातो. अशा प्राण्याला पणत्यांपुढे बसवून माझी पुतणी मोबाइल रोखून उभी राहिली. मोतीने मान वळवली, जीभ ओठांवरून फिरवली, मग जांभई दिली. “काका, बघा कसा लाजतोय!” ती म्हणाली.

तो लाजत नव्हता. भूक आणि झोप नसताना चाटलेले ओठ, दिलेली जांभई, चुकवलेली नजर ही कुत्र्याच्या अस्वस्थतेची लक्षणे आहेत. एकटक रोखलेला डोळा म्हणजे आव्हान, हा त्यांच्या जातीचा जुना समज. आणि मोबाइलचा डोळा तर मिटतच नाही. खरा नैतिक प्रश्न मला इथे दिसतो. दोष फेट्यात नाही. भीतीला लाज म्हणण्यात आहे. आपल्याला जे पाहायचे आहे ते दुसऱ्याच्या तोंडावर वाचायचे आणि त्यालाच प्रेम म्हणायचे, ही सवय कुत्र्यापाशी थांबत नाही. घरातली मुले आणि म्हातारी माणसे याची साक्ष देतील.

पण जनावराला सजवणे मुळातच वाईट, असेही मी म्हणणार नाही. बेंदराला किंवा पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतात. पण त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, आणि अनेक घरांत त्या दिवशी गाईचे दूध वर्ज्य असते. नेपाळात तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याला टिळा व माळ घालतात, आणि पोटभर खाऊही घालतात. सजावट माणसाच्या डोळ्यांसाठी. विसावा किंवा घास मात्र जनावराचा. सणात त्याचाही वाटा ठेवणारे आपले पूर्वज हौशी होते, पण हिशेबाला चोख होते.

पुतणीचेही एक म्हणणे मी टाकून देऊ शकत नाही. मोती आता नऊ वर्षांचा आहे. “पुढच्या दिवाळीला तो असेल की नाही, कोणाला ठाऊक? मग बघायला काय उरेल?” असे ती म्हणाली, आणि मला उत्तर सुचले नाही. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. आपण त्याचा फोटो काढतो तो पुढे येणाऱ्या दुःखाची तरतूद म्हणून. ही गरज खरी आहे, पण ती आपली आहे. ती भागवण्यासाठी त्याच्याकडून आपण काही उसने घेत असू, तर ते भीतीच्या रूपाने तरी घेऊ नये.

अखेर फेटा खुंटीला राहिला. फटाके सुरू होण्याआधी, दुपारी, ओसरीवर भाकरी खाताना मोतीचा फोटो निघाला. त्यात त्याची पाठ, एक कान आणि हलून पुसट झालेली शेपटी एवढेच आले आहे. दिवाळीची एकही खूण त्यात नाही, अशी पुतणीची तक्रार आहे.

ती मला मान्य आहे. दिवाळी आमची होती; भाकरी तेवढी मोतीची.