पाणी उडतं, मीठ राहतं

मे महिन्यात वर्ध्यातल्या कुठल्याही घरात माठाला बाहेरून हात लावून बघा. गारवा लागतो, आणि बुडाकडे पांढरा खार फुटलेला दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात. माठातून पाझरलेलं पाणी उडून जातं. जाताना उष्णता नेतं आणि क्षार मागे ठेवतं. कूलरच्या ताट्या हंगामाच्या शेवटी कडक होतात, त्याही याचमुळे. ज्याला घरी खाऱ्या पाण्याची टाकी मांडून त्यात प्रवाळ जगवायचे आहेत, त्याने आधी या माठाजवळ थोडा वेळ बसावं.

शंभर लिटरची टाकी धरू. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे टाकीत साडेतीन किलो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात, त्यातही पाण्यावर पंखा असेल, तर दिवसाला दोन लिटर सहज उडतं असं समजू. पाच दिवसांत दहा लिटर गेले. मीठ मात्र साडेतीन किलोच आहे, आता नव्वद लिटरमध्ये. खारटपणा ३९च्या घरात गेला. काच तितकीच स्वच्छ आहे, पाणी तितकंच नितळ आहे, पातळी फक्त थोडी उतरली आहे.

इथे नवा माणूस चुकतो, आणि मीही चुकलो. टाकी समुद्राची, तर भर घालायची तीही समुद्राच्या पाण्याचीच, असं मला सरळ वाटलं. रोज संध्याकाळी मोजून खारं पाणी कालवायचं आणि पातळी बरोबर करायची. पातळी बरोबर होत होती; मीठ रोज सत्तर ग्रॅमने वाढत होतं. दहा दिवसांत लिटरमागे ४२ ग्रॅम.

टाकीत एक टोडस्टूल लेदर होता, अळंबीच्या छत्रीसारखा मऊ प्रवाळ. निरोगी असला की त्याच्या छत्रीवर बोटभर लांबीचे शेकडो बारीक तंतू बाहेर येतात आणि प्रवाहात गवतासारखे हलतात. ते आत गेले. हा प्रवाळ अधूनमधून मिटतो, अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतो आणि तो टाकून पुन्हा उमलतो, हे मला माहीत होतं. म्हणून मी वाट पाहिली. पण या वेळी पापुद्रा सुटला नाही, छत्रीची कड आत वळली आणि देठ वाकला. शेजारी क्लाउनफिश मात्र मजेत फिरत होता, दाणा टाकला की वर येत होता. त्याच्याकडे पाहून मी पाणी मोजलं नाही.

माशाला मूत्रपिंड आहे, कल्ल्यांत जादा मीठ बाहेर टाकण्याची सोय आहे. प्रवाळाकडे यातलं काही नाही. बाहेरचं पाणी जितकं खारं, तितकंच त्याचं अंग खारं. बाहेर मीठ वाढलं की त्याच्या पेशींतलं पाणी ओढलं जातं. शिवाय त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच उजेडावर अन्न करून त्याला पोसतं. पेशीचा तोल गेला की हा शेजारही मोडतो. समुद्रात प्रवाळाला असा ताण सहसा उष्णतेमुळे येतो. १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले होते. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एकदोन अंशांची वाढ काही आठवडे टिकली तरी तेवढं पुरतं.

आणि आपल्याकडे तर पारा ४५ ओलांडतो. टाकी २५-२६ अंशांवर ठेवायची कशी? चिलर महाग असतो. पण माठाची दुसरी बाजू इथे कामी येते: पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की बाष्प उडतं आणि पाणी दोनतीन अंशांनी उतरतं. ही युक्ती मुंबईच्या दमट हवेत लंगडी पडते, विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात छान चालते. फक्त त्याच खोलीत कूलर लावला, तर खोली गार होते पण हवा दमट होते, आणि टाकीवरच्या पंख्याचा जोर कमी होतो. जुलैत पाऊस लागला की तो आणखी कमी होतो. मग उडणारं पाणीही घटतं, म्हणजे मेमधलं भरीचं माप जुलैत चालत नाही. प्रत्येक अंश गारव्याची किंमत उडालेल्या पाण्यात मोजावी लागते, आणि उडालेलं पाणी म्हणजे मागे राहिलेलं मीठ. लाइट गेली की पंखा आणि पाणी फिरवणारा पंप दोन्ही थांबतात, म्हणून पंपापुरता तरी इन्व्हर्टर हवा.

तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची. पण कोणत्या? आपल्या विहिरी आणि बोअर काळ्या पाषाणातल्या, पाणी जड. त्यातलं पाणी उडेल, चुना राहील, नायट्रेट राहील. आठवड्यागणिक साचत जाईल आणि काचेवर, खडकांवर तपकिरी-हिरवं शेवाळ माजेल. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी बरं, पण पुष्कळ यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात. दोनतीनशे रुपयांच्या टीडीएस मीटरने बघावं. आकडा शून्याच्या जवळ हवा.

हाच नियम माशांच्या दाण्यालाही लागतो. न खाल्लेला दाणा, माशांची विष्ठा, त्यातून झालेलं नायट्रेट, यातलं काहीही उडून जात नाही. भर घालण्याने ते कमी होत नाही. त्यासाठी पाणी बदलावं लागतं: आठवड्याला दहा लिटर जुनं काढायचं आणि तितकंच ताजं कालवलेलं खारं पाणी घालायचं. भर गोड्याची, बदल खाऱ्याचा. पहिल्या वर्षात एवढं सांभाळलं तरी मऊ प्रवाळ टिकतात.

मऊ प्रवाळ म्हणतो, त्यामागे सोपेपणाखेरीज आणखी एक कारण आहे. दगडासारखा सांगाडा बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवल्या, तेव्हा महापालिकेलाही त्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. मालवणच्या पाण्यातून एक तुकडा उचलून आणण्याचा विचारही करू नये. दुकानातून मशरूम किंवा झोआंथिड यांसारखा मऊ प्रवाळ घेतानाही तो कुठून आला ते विचारावं, कागद मागावा, आणि उत्तर मिळालं नाही तर मोकळ्या हाताने परतावं. रेल्वेने साडेसातशे किलोमीटरवरच्या समुद्राचा जीव आपण घरात आणतो आहोत. त्याच्याबद्दल इतकं तरी विचारणं आपलं काम आहे.

माझा लेदर पुढे वाचला. शेवटी पाणी मोजलं आणि मीठ वाढलेलं कळल्यावर एकदम गोडं पाणी ओतण्याचा मोह झाला होता. तसं केलं असतं तर पेशी उलट्या बाजूने फुगून गेल्या असत्या. रोज थोडं खारं काढून तितकंच गोडं घालत, दिवसाला लिटरमागे एकाच ग्रॅमने उतरवत ३५ वर आणलं. टाकीच्या बाहेरून काचेवर पातळीच्या रेषेत इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावली, आणि रोज सकाळ-संध्याकाळ आरओचं पाणी त्या टेपेपर्यंतच. नवव्या दिवशी देठ सरळ झाला. पापुद्रा सुटून पंपाच्या जाळीवर अडकला होता, तो चिमटीने काढला. तंतू यायला आणखी आठवडा लागला. आधी कडेचे आले, मग मधले.