परक्याला शहर कुठे भेटतं?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांतले वकील, त्यांचे ज्युनिअर, पक्षकार शहरात येऊ लागले. कित्येक वर्षांची मागणी पुरी झाली, याचा आनंद आहेच. पण त्यासोबत एक चर्चा वारंवार कानावर येते, आणि ती मला उथळ वाटते. बाहेरून येणाऱ्या व्यावसायिकाला, कलावंताला इथे आपल्या जातकुळीची माणसं भेटावीत म्हणून काय करावं? उत्तर ठरलेलं असतं : को-वर्किंगच्या जागा काढा, महिन्याला नेटवर्किंगचा मेळावा भरवा, व्हॉट्सॲपवर ग्रुप करा. माणसांना भेटण्याची सोय केली की समूह आपोआप उभा राहतो, असं यात गृहीत धरलेलं आहे.

कोल्हापूर मुळातच दिलदार, इथे परका कुणी परका राहतच नाही, असं म्हणणारेही आहेत. ते आपलंच कौतुक झालं, त्यावर थांबण्याचं कारण नाही. मेळाव्यांच्या बाजूचं मत मात्र गंभीरपणे घ्यायला हवं, कारण त्याला आधार आहे.

त्याचे पुरस्कर्ते सांगतात की जुन्या कोल्हापुरातही ओळखीशिवाय पान हलत नव्हतं. चित्रपट दिग्दर्शक व्ही. शांताराम महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले ते मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांमुळे. शाहू महाराजांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना शहराची दारं उघडली, तीसुद्धा मराठा, जैन, मुस्लिम अशा जातवार आणि धर्मवार बोर्डिंगांमधून. म्हणजे जुनी दारं नात्याची आणि जातीची होती. निदान मेळाव्याचं दार तरी कुणालाही उघडं असतं. हा युक्तिवाद कच्चा नाही. बोर्डिंगांपुरता तर तो मी जवळजवळ मान्य करतो.

पण शांतारामांचं उदाहरण नेमकं उलट साक्ष देतं. नात्यानं त्यांना दारापर्यंत आणलं, हे खरं. आत आल्यावर त्यांनी पडेल ते काम केलं, आणि बाबूराव पेंटरांच्या त्या कंपनीत कुणाचं काम कसं आहे हे लपून राहण्याची सोयच नव्हती. दामले आणि फत्तेलाल हे आनंदराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. आनंदराव १९१६ साली गेले. त्यांचं कॅमेरा बनवण्याचं अर्धवट राहिलेलं काम बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीनं तडीस नेलं. सुट्या भागांशी झुंजताना शेजारच्या माणसाचा हात किती स्थिर आहे, तो किती वेळा चुकतो आणि चुकल्यावर काय करतो, हे कळतं. कंपनीला भांडवल मिळालं त्यात तानीबाई कागलकर या गायिकेचे पैसे होते. चित्रकाराच्या उद्योगाला गायिकेचा हातभार लागावा इतकी ही वर्तुळं एकमेकांत मिसळलेली होती. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णींच्या साथीनं 'प्रभात' ही चित्रपट कंपनी काढली, तेव्हा त्यांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागली नाही. जात, धर्म, नातं यांपैकी एकाही सूत्रात यातले पहिले चौघे बसत नाहीत. वर्षानुवर्षं एकमेकांचं काम डोळ्यांदेखत पाहिलेलं असणं, हेच त्यांना बांधणारं सूत्र.

मेळाव्यात नेमकी हीच गोष्ट घडत नाही. तिथे माणूस आपल्या कामाविषयी बोलतो. काम समोर नसतं. मेळावे भरवणारे म्हणतील की तिथून पुढे काम सुरू होतं. होत असेलही. पण जो चांगलं बोलतो त्याला तिथे आधी माणसं मिळतात, आणि परगावच्या बुजऱ्या पण कसबी माणसाला सर्वांत उशिरा. उघडं दार म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते प्रत्यक्षात बोलक्यांसाठीच उघडं असतं.

काम समोर असलं की काय होतं, हे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत स्वच्छ दिसतं. परगावचा तरुण इंजिनिअर पंपाच्या एखाद्या भागाचं ड्रॉइंग घेऊन पॅटर्नवाल्याकडे, म्हणजे ओतकामाचा नमुना घडवणाऱ्याकडे जातो. पॅटर्नवाला त्याला तू कुठला, कुणाचा, हे नंतर विचारतो. आधी विचारतो की मशिनिंग कोणत्या बाजूला होणार. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. जिथे मशिनिंग होणार तिथे जादा माल ठेवायचा. पॅटर्न उचलताना वाळू ढासळू नये म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. ड्रॉइंगमध्ये यातलं काही धरलेलं नसेल, तर पॅटर्नवाला तिथेच पेन्सिलीनं खूण करतो. त्या खुणेवर दोघांची हुज्जत होते, आणि त्या हुज्जतीतच तो तरुण उद्यमनगरचा होऊ लागतो. मग मोल्डिंग कुणाकडे टाकायचं, लेथचं काम कोण चोख करतो, हे त्याला न विचारता सांगितलं जातं.

तालमींचंही तसंच. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे किंवा लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार हे पैलवान कोल्हापूरचे झाले ते मातीत. वस्तादाला पोराचं गाव ऐकून काय कळणार? त्याचे जोर, त्याचा दम, पडल्यावर तो कसा उठतो, हे पाहून कळतं. मात्र तालमीची बाजू घेताना एक गोष्ट दडवता येणार नाही : तिचं दार बायकांना पिढ्यानपिढ्या बंद होतं. काम दिसण्याची जागा ही न्यायाची हमी नाही. आत कुणाला येऊ द्यायचं हा प्रश्न वेगळा आहे आणि तो लढूनच सोडवावा लागतो. पण तो सुटला म्हणून काम दाखवण्याच्या जागेची गरज संपत नाही; आत आलेल्या मुलीलाही जोर काढायला माती लागतेच.

म्हणून मी एकाच फरकावर अडून राहतो : ओळख सांगण्याची जागा आणि काम दिसण्याची जागा. पहिली कुठल्याही हॉटेलच्या सभागृहात भरवता येते. दुसरी शहराला सांभाळावी लागते, कारण तिच्यातून रोज उत्पन्न मिळतंच असं नाही. बेंचमुळे आलेल्या ज्युनिअरला चहापानापेक्षा असा ज्येष्ठ वकील हवा, जो त्याचा मसुदा समोर घेऊन नको तो परिच्छेद खोडेल.

कलावंतांसाठी हाच प्रश्न केशवराव भोसले नाट्यगृहाचा आहे. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेली ही वास्तू ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत होरपळली. तिच्या पुनर्बांधणीत आसनं, पडदा, ध्वनियंत्रणा हे सगळं नीट व्हायलाच हवं. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. गडहिंग्लजहून, चंदगडहून आलेल्या हौशी संघाला स्वस्तात मिळेल आणि दुसऱ्या संघाला दारात उभं राहून पाहता येईल, अशी सरावाची खोली नाट्यगृहाच्या आवारात असणार आहे का? महापालिकेनं याचं उत्तर नकाशावर दाखवावं.