अंधाराची श्रीमंती

आकाशदर्शनाच्या सहली ही शहरी हौस आहे, असा समज आहे. तो उगाच झालेला नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास उभं राहिलं. पण या मंडळांच्या सहली जातात कुठे? दिव्यांचा झगमगाट मागे टाकून मुंबईकर वांगणी गाठतात. म्हणजे मंडळं शहरात आणि आकाश गावात! अजिंठ्याच्या डोंगरांलगतच्या सोयगाव तालुक्यात तर वस्तीबाहेर शिवारात गेलं, की आकाश हाताशी येतं. मग असं मंडळ इथेच का नसावं?

कुणी म्हणेल, दुर्बीण महाग आणि मोबाइलवर सगळं दिसतंच. पण अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा उजेड तो सराव क्षणात मोडतो. म्हणून जाणकार विजेरीवर लाल कागद लावतात. मग पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी धूसर दिसते. याचा उपयोग काय? मृगात पेरणी करणाऱ्या घरातल्या मुलाला कळतं, की तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो. म्हणून मृग पाहायचा तो थंडीत. त्याच तारकासमूहातला काक्षी हा तारा २०१९च्या अखेरीस मंदावला, तेव्हा जगभरच्या हौशी निरीक्षकांनी त्याच्या तेजाच्या नोंदी ठेवल्या. विज्ञानात असा वाटा सोयगावच्या मुलांनाही उचलता येईल. एक शिक्षक, एक तारकानकाशा आणि अमावास्येजवळची एक रात्र, एवढ्यावर सुरुवात होते. ती शाळांनी याच हिवाळ्यात करावी.