नव्या वहीचे पहिले पान

दिवाळीत नव्या वहीची पूजा करण्याची व्यापाऱ्यांची रीत जुनी आहे. वहीवर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते, हळद-अक्षता वाहिल्या जातात आणि नव्या वर्षाचा व्यवहार त्या वहीत सुरू होतो. ही वही कोरी दिसते. वस्तुतः ती कोरी नसते. मागील खतावणीतील बाकी तिच्या पहिल्या पानावर ओढून आणल्यावाचून नव्या व्यवहाराची नोंद होत नाही. वर्ष संपले म्हणून देणे संपत नाही, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. धार्मिक विधीतील संकल्पाची रचनाही याच जातीची आहे. 'करिष्ये' हे क्रियापद उच्चारण्यापूर्वी यजमानाला देश, काल, तिथी, गोत्र आणि नाव यांचा उच्चार करावा लागतो. आपण कोठे उभे आहोत हे सांगितल्यानंतरच आपण काय करणार हे सांगण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो. 'करिष्ये' हे रूप आत्मनेपदी आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. क्रियेचे फळ कर्त्याकडे परत येत असेल, तर अशा धातूचे आत्मनेपदी रूप योजावे, असे पाणिनीने सांगितले आहे. संकल्प करणाऱ्याला आपल्या क्रियेपासून निसटता येत नाही, असा अर्थ त्या रूपातून काढता येतो.

वर्षारंभी मनाशी काही ठरविण्याची आजची पद्धत या दोन्ही जुन्या रीतींहून वेगळी आहे. तिच्यात यादी असते, परंतु मागील बाकी नसते. पहाटे उठणे, वाचन वाढविणे, एखादी भाषा शिकणे, शरीर सुदृढ करणे अशी उद्दिष्टे कोऱ्या कागदावर उतरतात. ती वाईट नसतात. प्रश्न एवढाच, की ती कशातून जन्मलेली असतात? सरत्या वर्षाने माणसाच्या माथी जे देणे ठेवले त्यातून, की ते देणे विसरण्याच्या इच्छेतून? याला लागूनच दुसरा, अधिक जुना प्रश्न येतो. स्वतःला दिलेले वचन हे वचन असते काय? ज्याला बांधता येते त्याला सोडताही येते, म्हणून जो केवळ स्वतःशी बांधलेला आहे तो बांधलेलाच नाही, अशा आशयाचे विधान टॉमस हॉब्सने १६५१ मध्ये 'लेव्हायथन' या ग्रंथात केले. त्याचा विषय राजसत्ता हा होता. परंतु वर्षारंभीच्या बहुतेक निश्चयांचे फेब्रुवारीपर्यंत जे होते, ते पाहता हॉब्सचा हा तर्क व्यक्तीच्या बाबतीतही सहजी झटकून टाकता येत नाही.

या दोन्ही प्रश्नांच्या विचाराला गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रातील एक कागद साहाय्यभूत होतो. तो फेब्रुवारी १८९८ मधला आहे. त्याचा अर्थ लावण्यासाठी आधीचे वर्ष पाहावे लागते.

१८९७ च्या वसंतात गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले. वय तीस-एकतीस वर्षांचे. फर्गसन महाविद्यालयातील प्राध्यापक. न्यायमूर्ती रानडे यांच्या शिस्तीत वाढलेले. हिंदुस्थानच्या आर्थिक स्थितीविषयीची त्यांची साक्ष तिच्यातील आकडे आणि त्यांवर आधारलेला युक्तिवाद यांमुळे वाखाणली गेली. त्याच काळात पुण्यात प्लेगचा कहर चालू होता आणि घरझडतीसाठी नेमलेल्या गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाविषयी संतप्त पत्रे त्यांच्याकडे येत होती. २२ जून रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. इंग्लंडमधील वातावरण तापले असताना गोखल्यांनी पत्रांच्या आधारे सैनिकांवर स्त्रियांच्या विटंबनेचा गंभीर आरोप वृत्तपत्रातून केला. मुंबई सरकारने तो नाकारला. परत आल्यावर आरोप सिद्ध करील असा पुरावा गोखल्यांच्या हाती आला नाही, आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना योग्य वाटेना. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी गव्हर्नर आणि प्लेगच्या कामावरील सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली. याच सुमारास राजद्रोहाच्या आरोपावरून लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एक नेता तुरुंगात गेला आणि एकाने माफी मागितली. लोकमताने तुलना केली आणि निकालही दिला. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना बेजबाबदार ठरविले, स्वजनांनी भित्रे.

अशा वर्षानंतर, फेब्रुवारी १८९८ मध्ये, गोखल्यांनी स्वतःपुरते एक टिपण लिहिले. श्रीगुरू दत्तात्रेयांच्या कृपेचा उल्लेख करून त्यांनी आपली उद्दिष्टे नोंदविली. योगाभ्यास नियमित करावयाचा. इतिहास, तत्त्वज्ञान, ज्योतिर्विद्या, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि फ्रेंच भाषा यांचे चांगले ज्ञान मिळवावयाचे. मुंबईच्या कायदे कौन्सिलात, मग वरिष्ठ कौन्सिलात आणि पुढे ब्रिटिश पार्लमेंटात सभासद व्हावयाचे, आणि तेथे देशाचे हित साधावयाचे. अखेरीस, उच्चतम तात्त्विक धर्माचा प्रचारक होऊन तो जगाला सांगावयाचा.

हा कागद आज वाचताना प्रथम आश्चर्य वाटते ते त्यातील आकांक्षेचे. सहा महिन्यांपूर्वी ज्याची मानखंडना झाली, तो पार्लमेंटाचे नाव लिहितो. दुसरे आश्चर्य अधिक खोल आहे. गेल्या वर्षाने जे शिकविले त्याचा या यादीत उल्लेख नाही. पुराव्यावाचून आरोप करणार नाही, ऐकीव माहितीची शहानिशा केल्याखेरीज बोलणार नाही, असे एकही वाक्य तेथे नाही. घायाळ मनाने आपल्या जखमेकडे पाठ फिरवून क्षितिजाकडे पाहावे, तशी ही यादी आहे. टीकाकार म्हणू शकेल की येथे इच्छा आहे, हिशेब नाही.

यादीतील कलमांचे पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कौन्सिलात गेले आणि १९०२ पासून वरिष्ठ कौन्सिलात बसू लागले. पार्लमेंटाचे सभासदत्व त्यांना कधी मिळाले नाही. जगाला धर्म सांगणारा प्रचारक म्हणून त्यांना कोणी ओळखले नाही. वर्षअखेरीस यादीपुढे खुणा करण्याच्या हिशेबाने पाहिले, तर हा कागद निम्माशिम्माच खरा ठरला.

परंतु गोखल्यांची खरी कमाई त्या कागदाबाहेर आहे. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, त्याने सरकारी शिलकीचा अर्थच उलटा करून दाखविला: तिजोरीतील शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नसून जरुरीपेक्षा अधिक कर घेतल्याची खूण आहे, असा त्यांचा प्रतिपाद्य मुद्दा होता. पुढील वर्षांत विरोधकही त्यांचे भाषण गांभीर्याने ऐकत, कारण त्यातील आकडा खोडून काढणे कठीण असे. १८९७ आणि १९०२ यांच्यामध्ये कार्यकारणाची सरळ रेषा ओढणे धाडसाचे होईल. आकड्यांची शिस्त गोखल्यांपाशी आधीपासूनच होती. वेल्बी आयोगापुढील साक्ष त्याचे प्रमाण आहे. म्हणूनच त्यांची चूक विचार करण्याजोगी आहे. ती त्यांच्या दुर्गुणातून आली नव्हती. स्वजनांच्या दुःखाने व्याकूळ झाल्यामुळे त्यांचा सर्वांत मोठा गुण एका प्रसंगी निद्रिस्त राहिला, इतकेच. वर्षाचा हिशेब मांडणारा माणूस बहुधा आपले दुर्गुण मोजतो आणि ते घालविण्याचे ठरवितो. आपल्यातील चांगले कोणत्या घटकेला गैरहजर होते, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो; आणि दुसऱ्याला इजा पोचते ती पुष्कळदा त्याच घटकेला.

टिपणात न लिहिलेले देणे गोखल्यांनी दुसऱ्या मार्गाने फेडलेले दिसते. पुण्यात पुन्हा प्लेग उसळला तेव्हा ते स्वयंसेवकांसह साहाय्याच्या कामात उतरले. ज्या क्षेत्रात शब्द चुकला होता, त्याच क्षेत्रात त्यांनी हात घातला. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा सभासदाने घ्यावयाच्या सात प्रतिज्ञा ठरविल्या. देशाचा विचार प्रथम करणे, सेवेतून स्वतःचा लाभ न पाहणे, सर्व भारतीयांना बंधू मानणे, निर्वाहापुरत्या वेतनात समाधान मानणे, खाजगी जीवन शुद्ध ठेवणे, कोणाशी वैयक्तिक भांडण न करणे आणि समाजाच्या उद्दिष्टांशी एकनिष्ठ राहणे, असा त्यांचा आशय. १८९८ चा कागद आणि या प्रतिज्ञा शेजारी ठेवल्या म्हणजे सात वर्षांतील अंतर कळते. पहिल्यात काय मिळवावयाचे याची मोजदाद आहे. दुसऱ्यात काय मागावयाचे नाही याची. पहिला कागद एकट्याने, एकट्यासाठी लिहिलेला आहे; दुसऱ्याला साक्षीदार आहेत.

साक्षीदाराचा हा मुद्दा गांधीजींच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. ते १९१५ च्या आरंभी आफ्रिकेचे कार्य आटोपून मायदेशी परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले: वर्षभर देशात फिरावे, पाहावे, ऐकावे, सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. वचन घेणारा उरला नाही. त्यातून मोकळे करणाराही उरला नाही. गांधीजींनी ते वर्ष प्रवासात आणि निरीक्षणात घालविले. हॉब्सच्या तर्कानुसार अशा वचनातून सुटका सोपी असावयास हवी होती. प्रत्यक्षात मृत्यूने ते वचन अधिक पक्के केले.

याच गांधीजींच्या आयुष्यात उलट प्रसंगही आहे. १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. १९१४ मध्ये लंडन येथे फुप्फुसावरणाच्या विकाराने ते आजारी असताना, दूध घ्यावे असा आग्रह गोखल्यांनीच धरला होता. एक दिवस विचार करून गांधीजींनी अन्य पथ्य बदलण्याचे मान्य केले, दूध मात्र नाकारले. पुढे १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या मोहिमेनंतर ते मरणाच्या दारी पोचले. व्रत घेताना गाई-म्हशींचेच दूध मनात होते, मग शेळीचे घेण्यास हरकत कोणती, असे कस्तुरबांनी सुचविले. गांधीजींनी ते घेतले. आत्मकथेत त्यांनी या गोष्टीचा निवाडा स्वतःच दिला आहे: व्रताचे अक्षर पाळले गेले, आत्मा मात्र गमावला, हाती घ्यावयाच्या लढ्यासाठी जगण्याची ओढ प्रबळ ठरली. ही कबुली त्यांनी सैल केली नाही आणि शेळीचे दूधही सोडले नाही.

हे दोन दाखले परस्परांच्या उलट आहेत. गोखल्यांच्या टिपणाचे अक्षर पुष्कळसे फसले, परंतु देशाचे हित साधण्याचा त्यातील आशय त्यांनी अखेरपर्यंत सांभाळला. गांधीजींच्या व्रताचे अक्षर टिकले आणि आशय निसटला. त्यामुळे संकल्प पाळला की मोडला, याचा निर्णय कागदावरील खुणांनी होत नाही. तो करण्यासाठी संकल्प कोणाच्या ऋणातून घेतला होता, हे आठवावे लागते. गांधीजींना हा निर्णय करता आला, कारण व्रतामागे गाई-म्हशींवर होणाऱ्या क्रौर्याची जाणीवही होती आणि ती त्यांनी विसरू दिली नाही. हॉब्सला उत्तर द्यावयाचे तर ते येथून देता येते. माणूस निव्वळ स्वतःला वचन देतो असे सहसा घडत नाही. गेल्या वर्षात त्याच्या शब्दाने जो दुखावला, त्याच्या आळसाने ज्याचे काम अडले, ज्याच्या विश्वासावर त्याचा निभाव लागला, ते सारे त्या वचनाचे न बोलणारे धनको असतात. स्वतःला मोकळे करणे त्याच्या हाती असेल. त्यांच्या वतीने सूट देण्याचा अधिकार त्याला नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. असा हिशेब माणसाला अपराधाच्या ओझ्याखाली दडपून टाकील आणि पुढे पाऊल टाकण्याची उमेदच संपेल. आक्षेप निराधार नाही. केवळ देणेच मोजणारा माणूस व्यापार बंद करतो. १८९८ च्या फेब्रुवारीत गोखल्यांनी फक्त माफीनाम्याचाच विचार केला असता, तर १९०२ चे भाषण झाले नसते. ज्योतिर्विद्या आणि पार्लमेंट ही नावे लिहिणारा हात पुढे सरसावण्यास तयार होता, हे त्या भोळसर वाटणाऱ्या यादीचे खरे मोल आहे. इच्छेने माणूस चालू लागतो. मात्र चालण्याची दिशा बरोबर आहे की नाही, हे तिला विचारून कळत नाही. त्यासाठी मागील बाकीकडेच वळावे लागते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी १९११ मध्ये मांडले आणि १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. त्या वेळी त्यांनी काढलेल्या उद्गारांचा आशय असा होता, की आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणेच येणार असेल, तर तेही स्वीकारले पाहिजे. १८९८ च्या यादीत अपयशाला जागा नव्हती. १९१२ मध्ये ती होती, आणि तेथे खेद असला तरी लाज नव्हती. ऋणातून घेतलेला संकल्प फसला, तरी त्याचा हप्ता जमा झालेला असतो.

सरत्या वर्षाकडे पाहणाऱ्याने म्हणून दोन कागद घ्यावेत हे बरे. एकावर आपल्याला काय व्हावयाचे आहे ते लिहावे. ते उदंड असले तरी चिंता नाही. दुसऱ्यावर नावे लिहावीत, आणि प्रत्येक नावापुढे काय देणे राहिले ते. पहिला कागद कोणालाही दाखविता येतो. दुसरा दाखविण्यासारखा नसतो, आणि बहुधा लिहिलाही जात नाही. परंतु नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढावयाची बाकी त्या दुसऱ्या कागदावरच असते.