झाड तोडण्याची घाई नको



१६ मे २०२१ चा रविवार आपण देवगडकर विसरलेलो नाही. प्रभूच्या स्वर्गारोहणाचा तो सण. करोनामुळे चर्चची दारे बंद होती, आणि तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकत होते. हापूसच्या फांद्या मोडल्या, कलमे मुळासकट आडवी झाली. खाऱ्या वाऱ्याने पाने करपली. जी झाडे उभी राहिली तीही मेल्यासारखी दिसू लागली.

अशा वेळी कुऱ्हाड हाती घ्यावीशी वाटते. पण जाणता बागायतदार आधी नखाने थोडी साल खरवडतो. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. मग तो मोडकी फांदी करवतीने नीट कापतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट जखमेवर लावतो. आडवे झालेले कलम सावकाश उभे करून मुळांवर माती ओढतो, टेकू देतो आणि वाट पाहतो. थंड देशांत उशिरा पडलेल्या हिमाने कोवळी पालवी काळवंडते, तेव्हा तिथले माळीही असेच थांबतात. नवी पालवी कुठून फुटते ते पाहून मगच मेलेले लाकूड छाटतात.

प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला दिला (लूक १३:६-९). तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. पण तो नुसती मुदत मागत नाही. भोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे कष्टही तो स्वतःवर घेतो.

आपल्या घरातही कोणी करपलेले असते. दारूत बुडालेला मुलगा, बांधावरून अबोला धरलेला भाऊ, चर्चला येणे सोडलेली बहीण. "हा आता सुधारायचा नाही," असे आपण पटकन म्हणून टाकतो. साल खरवडून पाहिली का? खत घातले का? की फक्त फळ मोजले?

आपल्यालाही प्रभूने किती वर्षे अशीच मुदत दिली आहे, हे आठवावे. ज्याच्यावर आपण फुली मारली आहे अशा एकाच्या तरी दारी या आठवड्यात जाऊया. उपदेश करायला नको. जवळ बसायला जाऊया.

हे प्रभो, तुझ्या माळ्याचा धीर आम्हांला दे. आमेन.