दत्तचरणींचे श्वान आणि आपली मुले



मार्गशीर्ष पौर्णिमेस आपण श्रीदत्तजयंती साजरी करतो. दर्शनास आलेली लहान मुले त्रिमूर्तीकडे पाहतात खरी, परंतु त्यांची दृष्टी खिळते ती प्रभूंच्या पायांशी असलेल्या चार श्वानांवर. ‘हे चावत नाहीत का?’ असे एखादे मूल विचारतेच. हे चार श्वान म्हणजे चार वेद, असे परंपरेचे उत्तर आपण देतो. ते यथार्थच आहे. तथापि मुलाच्या मनातील प्रश्न घरच्या कुत्र्याविषयीचा असतो, आणि त्याचेही उत्तर देणे हे आपले कर्तव्य होय.

महाभारताच्या आदिपर्वात एका पिल्लाची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञस्थानी सरमेचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्यास मारले. ‘अपराध नसता माझ्या लेकरास का मारले?’ या सरमेच्या प्रश्नास कोणापाशीही उत्तर नव्हते. तोच ग्रंथ अखेरीस येतो तेव्हा धर्मराज सोबतच्या श्वानास टाकून स्वर्गाच्या रथात चढण्याचे नाकारतो, आणि तो श्वान म्हणजे साक्षात धर्म असल्याचे प्रकट होते. मुक्या जीवाशी आपण कसे वागलो, याची नोंद धर्म ठेवतो, हाच याचा आशय.

येथे आमच्याच घरचा प्रसंग सांगणे आम्ही उचित समजतो. आमचा मोती जेवत असता नातवाने कौतुकाने त्याची पोळी ओढली. मोती दोनदा गुरगुरला. आम्ही ओसरीवर बसून ते ऐकले आणि हसलो. तिसऱ्या वेळी मुलाच्या हातास दात लागला. तेव्हा आम्ही मोतीस काठीने मारले आणि जखमेवर हळद दाबली. जनमेजयाच्या भावांहून आम्ही निराळे कोठे होतो? शेजारच्या एका शिक्षकांनी जखम धुवावयास लावली व इस्पितळात नेले, म्हणून मूल सुखरूप राहिले. तेथे नातू हळूच म्हणाला, ‘मागेही ओरखडा निघाला होता, पण तुम्ही माराल म्हणून सांगितले नाही.’ ते ऐकून आमचे हृदय थरारले. रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली, की त्यातून रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. मुलाचे भय अशा वेळी प्राणघातक ठरते.

नामदेवरायांची कथा आपण मुलांस आवडीने सांगतो. श्वानाने पोळी पळविली, आणि ती कोरडी जाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. त्या कथेतील भाव मुलांनी घ्यावा, धावणे मात्र घेऊ नये! संतांस सर्वांभूती ईश्वर दिसत होता. बालकास अद्याप जनावराची भाषा कळत नाही. ती शिकविणे हे मातापित्यांचे काम आहे.

ती भाषा अवघड नाही. कुत्रा जेवत, निजत वा पिल्लांपाशी असता त्यास स्पर्श करू नये. त्याचे कान व शेपूट ओढू नये, त्यास मिठी मारू नये, तोंडाशी तोंड नेऊ नये. तो आपण होऊन जवळ आला, तरच त्याच्या छातीवरून वा पाठीवरून हळुवार हात फिरवावा. त्याने अंग ताठ केले, शेपूट पोटाशी घेतली वा तो गुरगुरला, तर मुकाट्याने दूर व्हावे. गुरगुरल्याबद्दल त्यास शिक्षा करू नये. ती त्याने दिलेली सूचना आहे. अनोळखी कुत्रा अंगावर आल्यास पळू नये, झाडासारखे निश्चल उभे राहावे व दृष्टी खाली ठेवावी. आणि लहान मुलास कुत्र्यापाशी, तो कितीही गरीब असो, एकटे सोडू नये.

दात वा नख लागल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे आणि डॉक्टर सांगतील तितक्या सर्व लसी पुऱ्या कराव्या. घरच्या कुत्र्यासही नियमाने लस द्यावी. गोमंतकात सुमारे २०१४ पासून कुत्र्यांस लस आणि शाळांतील मुलांस शिकवण अशी दुहेरी मोहीम चालली, आणि २०२१ मध्ये ते देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य घोषित झाले. समुद्रतीरी जे घडले ते आपल्या वैनगंगातीरी घरोघर का घडू नये?

आपल्या पूर्वजांनी भोजनापूर्वी श्वानासाठीही बली काढून ठेवण्याची रीत घालून दिली. घास देणे आणि त्याचा घास त्यास सुखाने खाऊ देणे, हा एकच धर्म आहे. आज रात्री मुलास जवळ घेऊन एवढेच सांगावे, ‘बाळा, काही लागले तर आम्हांस सांग, आम्ही रागावणार नाही.’ आणि दिलेला शब्द पाळावा. हे बळ श्रीगुरुदत्त आपणां सर्वांस देवोत, हीच प्रार्थना.